मीटरच्या पोटातला गुणाकार

वाण्याकडे तांदूळ घेताना काटा आपल्या डोळ्यांसमोर असतो. पेट्रोल पंपावर आपण आधी शून्य बघून घेतो. विजेचं तसं नाही. माल दिसत नाही, माप विकणाऱ्याचं, आणि हिशेब महिन्याने कागदावर येतो. म्हणून वीज मोजण्याच्या इतिहासाकडे मी विकणारा आणि घेणारा यांच्यातल्या विश्वासाचा इतिहास म्हणून पाहते.

४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटवर एडिसनचं वीजकेंद्र सुरू झालं. त्याने वीज अक्षरशः तराजूत घातली. ग्राहकाकडच्या पेटीत झिंक सल्फेटच्या द्रावणात जस्ताच्या पट्ट्या बुडवलेल्या असत. प्रवाहाचा ठरावीक छोटा हिस्सा त्यातून जाई आणि एका पट्टीवरचं जस्त दुसरीवर जमा होई. कंपनीचा माणूस ठरावीक काळाने पट्ट्या घेऊन जाई, त्यांचं वजन होई आणि फरकावरून बिल निघे. थंडीत द्रावण गोठू नये म्हणून पेटीतच एक दिवा ठेवलेला असे.

घरमालकाला यातलं काहीच वाचता येत नव्हतं. एडिसनच्या चरित्रात बँकर जे. पी. मॉर्गनचा किस्सा आहे. त्याचा या पेटीवर विश्वास बसेना. म्हणून त्याच्या कचेरीत कोणता दिवा किती वेळ जळला, याच्या नोंदी कार्डांवर ठेवल्या. मीटर जास्त दाखवू लागला. शोध घेतल्यावर कळलं, की साफसफाई करणारा माणूस कामासाठी दिवे लावत होता आणि त्याची नोंद कुठेच नव्हती. पट्ट्या बरोबर होत्या, पण ग्राहकाला ते पटवायला स्वतंत्र हिशेब मांडावा लागला.

ही पेटी फक्त प्रवाह मोजत होती. एडिसनची वीज एकदिश होती आणि व्होल्टेज जवळपास कायम ११०, म्हणून तेवढ्यावर भागत होतं. प्रत्यावर्ती वीज, म्हणजे एसी, आली तेव्हा हे गणित मोडलं. झोपाळ्याचं उदाहरण घ्या. झोपाळा पुढे जात असताना दिलेला धक्का त्याला ऊर्जा देतो. तेवढ्याच जोराचा धक्का तो आपल्याकडे येत असताना दिला, तर ऊर्जा काढून घेतो. व्होल्टेज म्हणजे धक्का, प्रवाह म्हणजे झोपाळ्याची गती. दोन्ही किती मोठे आहेत एवढं कळून पुरत नाही. ते एकमेकांशी जुळलेत का, हे बघावं लागतं. मोटर असेल तर प्रवाह व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो. म्हणून प्रत्येक क्षणाचं व्होल्टेज आणि त्याच क्षणाचा प्रवाह यांचा गुणाकार करून सरासरी काढावी लागते. हीच शक्ती, आणि तिचं एकक वॉट. हे नाव विल्यम सीमेन्सने सुचवलं तेही १८८२ मध्येच.

पण क्षणाक्षणाचा गुणाकार करणार कोण? एकोणिसाव्या शतकाने ते काम चुंबकत्वावर सोपवलं. वॉटमीटरमध्ये एक कॉइल स्थिर, तिच्यातून प्रवाह जातो. दुसरी कॉइल हलती, ती व्होल्टेजला जोडलेली. दोघींमधलं बल त्यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतं, आणि काटा जड असल्यामुळे सरासरीवर स्थिरावतो. १८८९ मध्ये बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातल्या ओटो ब्लाथीने एसीसाठी फिरत्या चकतीचा मीटर तयार केला. आपल्या दारामागे वर्षानुवर्षं फिरलेली अॅल्युमिनियमची चकती त्याच घराण्यातली. तिच्यावरची खूण कुणालाही दिसत होती. ‘मीटर पळतोय’ असं आपण म्हणायला लागलो ते त्या चकतीकडे पाहूनच.

मग हा गुणाकार आकड्यांकडे आला. १९७४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या आर. एस. टर्गेलने नमुने घेऊन मोजणाऱ्या डिजिटल वॉटमीटरवर निबंध प्रसिद्ध केला. कल्पना सरळ आहे. आपल्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. तेवढ्यात व्होल्टेज आणि प्रवाहाचे अनेक नमुने जोडीने घ्यायचे, प्रत्येक जोडीचा गुणाकार करायचा आणि सरासरी काढायची. आज हे काम प्लगमध्ये खोचायच्या हातभर किमतीच्या मीटरमधली चिप करते.

जुनी चकती अगदी कमी भारावर हलतच नसे. टीव्ही नुसता रिमोटची वाट पाहत बसला, तर त्याची वीज मोजण्यातून निसटू शके. डिजिटल मीटर ती पकडतो. ‘नवा मीटर जास्त पळतो’ या तक्रारीमागे काही घरांत हेही कारण असू शकतं. दुसरीकडे, याच मोजमापाने उत्पादकांनाही जाब विचारता आला. १९९० च्या दशकाअखेर लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या अॅलन मायरने स्टँडबायवरच्या उपकरणाने एका वॉटहून जास्त वीज खाऊ नये असा आग्रह धरला, आणि युरोपीय संघाने अनेक उपकरणांसाठी ही मर्यादा २०१० पासून लागू केली.

माझ्याकडच्या मीटरवर स्वस्तातला एक एलईडी दिवा लावला, तेव्हा व्होल्टेज २३० आणि प्रवाह ०.०७५ अँपिअर दिसला. गुणाकार १७ च्या वर येतो, पण वॉटच्या खिडकीत आकडा होता ९. घरगुती बिल त्या ९ चं येतं. इन्व्हर्टर घेताना मात्र १७ चाही विचार करावा लागतो, कारण त्याची क्षमता व्हीएमध्ये लिहिलेली असते. नुसता प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर हा फरक सांगू शकत नाही. फ्रिजचे वॉट एकदा पाहूनही काही कळत नाही, कारण कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो. तिथे २४ तासांची युनिटं मोजावीत.

असा मीटर नसला तरी चालेल. बिलाच्या मीटरवर बहुधा ‘३२००’ असा आकडा आणि एक लुकलुकणारा लाल दिवा असतो. याचा अर्थ ३२०० लुकलुकांचं एक युनिट. म्हणजे एका लुकलुकीला ११२५ ज्यूल. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त छताचा पंखा पूर्ण वेगाने लावा आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. ११२५ ला त्या सेकंदांनी भागलं की वॉट मिळतात. १५ सेकंद लागले तर पंखा ७५ वॉटचा. नव्या बीएलडीसी पंख्याला साधारण ४० सेकंद लागतील. आकडा वेगळा असेल, तर ३६ लाखांना त्याने भागून घ्या. मॉर्गनला ज्यासाठी कार्डं लिहून घ्यावी लागली, तो पडताळा आता मनगटावरच्या घड्याळाने होतो.