घरातले अनोळखी झाड कसे ओळखावे?

आपल्या घरांतली बरीच झाडे विकत आणलेली नसतात. कोणी शेजारणीकडून फांदी आणते, कोणी गावाहून येताना कंद आणते, तर एखादी कुंडी आधीच्या पिढीपासून गॅलरीत असते. झाड वाढते, पण त्याचे नाव मागे राहून जाते. त्यात आपण मराठी माणसे निरनिराळ्या प्रांतांत राहतो. घरात जिला कोरफड म्हणतो ती वडोद्यात कुंवार, इंदूर-ग्वाल्हेरकडे ग्वारपाठा, बेळगावात लोळसर आणि हैदराबादेत कलबंद होते. म्हणून ऐकीव नावापेक्षा झाडाकडे नीट पाहणे अधिक भरवशाचे. पान भजीत, विड्यात किंवा काढ्यात जाणार असेल, तर ओळख चुकून चालत नाही.

पाहण्याचा क्रम

१. पानांची मांडणी: पाने देठावर समोरासमोर आहेत की एकाआड एक, ते आधी पाहावे.
२. शिरा: मधल्या एका शिरेतून बाजूच्या शिरा फुटतात, की बुडातूनच पाच-सात शिरा निघून टोकाकडे वळतात?
३. कडा व पोत: कड सरळ, दातेरी की काटेरी? पान गुळगुळीत की लवदार?
४. वास: पानाचा लहान तुकडा चुरगळून वास घ्यावा. चव मात्र घेऊ नये.
५. चीक: देठ मोडल्यावर पाणी येते, बुळबुळीत गर दिसतो की दुधासारखा चीक? चीक हाताला व डोळ्याला लागू देऊ नये.
६. फूल: झाडाचे कूळ ठरवायला फुलासारखी खूण नाही. ते आले की फोटो काढून ठेवावा.

नेहमी गल्लत होणाऱ्या जोड्या

नागवेल आणि मनीप्लांट. दोन्ही वेली, दोघींची पाने हृदयाकृती. नागवेलीच्या (पायपर बीटल) पानात बुडाकडून निघालेल्या शिरा कमानीसारख्या टोकाकडे जातात आणि पान चुरगळताच विड्याचा वास येतो. मनीप्लांटला (एपिप्रेम्नम ऑरियम) मधली एकच ठळक शीर असते, नवे पान सुरळी होऊन उलगडते आणि त्याला विड्याचा वास नसतो. मनीप्लांट अळवाच्या कुळातला आहे. कच्चे अळू ज्या सुईसारख्या स्फटिकांमुळे खाजते, तेच कॅल्शियम ऑक्सलेटचे स्फटिक याच्याही पानात असतात. अळू शिजवून, चिंच घालून आपण खातो, मनीप्लांट मात्र खाण्याचे झाड नाही. जाड उभ्या खोडाचा आणि मोठ्या ठिपकेदार पानांचा डिफेनबाखियाही याच कुळातला. त्याचे पान चावले तर तोंडाची आग होते आणि जीभ सुजते. रांगते मूल असलेल्या घरात तो उंचावर ठेवावा.

पानओवा आणि पानफुटी. दोन्हींची पाने जाड, रसदार आणि समोरासमोर. पानओव्याचे (कोलियस अँबॉयनिकस) पान लवदार असते आणि नुसते हात लावला तरी ओव्याचा वास येतो. हा तुळशीच्या कुळातला. मसाल्यातला ओवा मात्र वेगळ्याच झाडाचे फळ आहे. पानफुटीचे (ब्रायोफायलम पिनॅटम) पान गुळगुळीत असते, त्याला ओव्याचा वास नसतो आणि पान मातीवर पडले की कडेच्या खाचांतून नवी रोपे फुटतात. हिंदीत एकाला पत्थरचूर आणि दुसरीला पत्थरचट्टा म्हणतात, त्यामुळे घोटाळा वाढतो. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात आणि ती खाऊन गुरांना विषबाधा होते. मुतखड्यावर म्हणून कोणी पाने दिली, तर वैद्याला किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

कोरफड आणि घायपात. कोरफडीचे पान कापले की आत पारदर्शक गर दिसतो. सालीलगतचा पिवळा रस कडू व रेचक असतो. तोच आटवून काळा बोळ करतात. म्हणून गर काढताना हा रस निथळू द्यावा. घायपाताच्या पानाच्या टोकाला टणक काटा असतो, आत चिवट धागे असतात आणि रसाने कातडीला खाज सुटते.

निवडुंग आणि थोर. निवडुंगाचे काटे लवदार गादीसारख्या ठिपक्यांतून उगवतात. थोराला तशा गाद्या नसतात, पण जखम केली की पांढरा चीक वाहतो. बिनकाट्याचा शेरही थोराच्याच गोतातला. हा चीक डोळ्यात गेला तर दृष्टीला इजा होऊ शकते.

ब्रह्मकमळ. कुंडीत रात्री फुलून सकाळी मिटणारे आपले ब्रह्मकमळ हे मेक्सिकोकडचे निवडुंग आहे. त्याचे चपटे 'पान' म्हणजे खरे तर खोड. हिमालयातले ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातले असून ते उत्तराखंडचे राज्यपुष्प आहे. आपल्या फुलाची शोभा यामुळे कमी होत नाही, पण दोन्ही झाडे एक नव्हेत.

विचारताना काय दाखवावे

मोबाइलवरचे ॲप एका फोटोवरून अंदाज सांगते. तो तपासाची सुरुवात समजावी, निकाल समजू नये. पूर्ण झाड, पानाची दोन्ही अंगे, पान जिथे खोडाला जोडले आहे ती जागा आणि फूल असे चार-पाच फोटो घ्यावेत. ते रोपवाटिकेतल्या जाणत्या माळ्याला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना दाखवावेत. ओळख पटेपर्यंत त्या झाडाचे काहीही पोटात जाऊ देऊ नये.

मुलाने अनोळखी पान चावलेच, तर तोंड पाण्याने स्वच्छ करावे, उलटी काढू नये आणि झाडाची फांदी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे. डोळ्यात चीक गेल्यास स्वच्छ पाण्याने किमान 15 मिनिटे डोळा धुवावा आणि मग लगेच दवाखाना गाठावा.

ओळख पटली की कुंडीवर नाव लिहून ठेवावे: मराठी, स्थानिक आणि जमल्यास शास्त्रीयही. पुढच्या वेळी फांदी कोणाला दिली, तर सोबत नावही द्यावे.