पंप चांगला, हिशेब कच्चा

फ्रिज आतली उष्णता ओढून मागून बाहेर टाकतो. हीट पंप तीच युक्ती उलटी वापरतो, बाहेरच्या गारठ्यातली उष्णता घरात आणतो. १९३८ मध्ये झुरिकच्या राटहाउसमधल्या लाकडाच्या शेगड्या गेल्या आणि लिमाट नदीच्या पाण्यातून ऊब ओढणारा पंप आला. पुढे युद्धात कोळशाची टंचाई झाली, तेव्हा स्वित्झर्लंडला अशा पंपांचं मोल कळलं. राटहाउसचा पंप साठ वर्षांहून जास्त चालला.

मग १९७३चं तेलसंकट आलं. पश्चिम जर्मनीत १९८०च्या सुमारास पंपांवर उड्या पडल्या, आणि घोळ तिथेच झाला. घराला किती उष्णता लागते, हे नीट न मोजताच अनेक पंप बसले. जुन्या रेडिएटरना फार गरम पाणी लागायचं. पाणी जितकं जास्त तापवावं, तितकी वीज जास्त. त्यात तेल स्वस्त झालं आणि बाजार कोसळला. चूक आखणीची होती, बदनामी यंत्राची झाली.

१९९३ मध्ये स्वित्झर्लंडने ट्योसला पंप तपासणारं केंद्र उभारलं. गेलेला विश्वास हळूहळूच परतला. आज घरी पंप बसवणाऱ्यालाही क्रम तोच: आधी भिंती-खिडक्यांतून जाणारी ऊब अडवा, मग खोलीगणिक गरज मोजा, पंपाची किंमत त्यानंतर विचारा.