अहमदपूर ते कपिलधार : धबधब्याकडे जाणारी आपली जुनी वाट

पावसाळा लागला की आपल्या मोबाईलवर दोन-तीन महिने नुसते धबधबे कोसळत असतात. भंडारदरा, आंबोली, माळशेज. पोरं रात्रीच गाडी काढतात, चारशे-पाचशे किलोमीटर जाऊन भिजतात, फोटो टाकतात. टाकू द्या, आपली काही तक्रार नाही. पण त्या फोटोखाली कुणीतरी हमखास लिहितो, 'आपल्या मराठवाड्यात काय ठेवलंय, नुसता दुष्काळ!' तिथं मात्र मला राहवत नाही. डोंगर तुडवत, मुक्काम करत, पायी धबधब्यापर्यंत जायचं ही गोष्ट अहमदपूरला नवी नाही. ट्रेकिंग हा शब्द इकडं यायच्या आधीपासूनची आहे. फक्त आपण तिला ट्रेक म्हणत नाही, दिंडी म्हणतो.

मी कपिलधारबद्दल बोलतोय.

आधी डोंगराचं सांगतो, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना आपण डोंगरावर राहतो हेच माहीत नसतं. सह्याद्रीतून हरिश्चंद्रगडाच्या बाजूने एक रांग फुटते आणि नगर, बीड, लातूर करत थेट कंधारपर्यंत येते. हाच बालाघाट. अहमदपूर या पठारावरच आहे, त्यामुळे मान वर करून बघावा असा डोंगर आपल्याला दिसत नाही. तो कडेला गेल्यावर दिसतो, जिथं पठार तुटतं आणि दरी सुरू होते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर बसून हा खडक तयार झाला. एक थर कडक, त्याखालचा भुसभुशीत. पाणी मऊ थर आधी खातं, कडक थर पुढं लोंबत राहतो, आणि ओढा तिथून खाली उडी घेतो. पाटोदा-जामखेडच्या हद्दीवरचा सौताड्याचा धबधबा असाच, आणि कपिलधारचाही असाच.

बीडपासून वीसेक किलोमीटरवर, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या एका घळीत हे ठिकाण आहे. कपिल ऋषींनी इथं तप केलं म्हणून कपिलधार, अशी आख्यायिका. पण लोक जातात ते मन्मथस्वामींच्या संजीवन समाधीसाठी. मन्मथस्वामी १६व्या शतकातले वीरशैव संत. 'परमरहस्य' हा त्यांचा ग्रंथ, आणि आजही आपल्याकडं गावोगाव त्याची पारायणं बसतात. एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी कल्याणमध्ये जे सांगितलं ते कन्नडमध्ये. बसवकल्याण आपल्यापासून लांब नाही, पण भाषा वेगळी. मन्मथस्वामींनी तो विचार मराठीत आणला, साध्या माणसाला कळेल अशा ओवी-अभंगात. तिकडं पैठणला एकनाथ महाराज संस्कृतातलं ज्ञान मराठीत आणत होते, साधारण त्याच काळात इकडं बालाघाटात हे काम चाललं होतं. शाळेच्या पुस्तकात एकनाथ आहेत, ते असायलाच हवेत. मन्मथस्वामी किती पानांत सापडतात ते तुम्हीच तुमच्या पोरांची पुस्तकं उघडून बघा.

कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला यात्रा भरते. लातूर, नांदेड, परभणी, बीड, सोलापूर, शिवाय कर्नाटकातून दिंड्या येतात. दिवाळी आटोपलेली, खरीप घरात आलेलं, रब्बीची पेरणी झालेली. शेतकऱ्याला दहा-बारा दिवस मोकळे मिळाले तर ते याच वेळी. पाऊस चांगला झालेला असेल तर तोवर धार टिकून असते. दुष्काळी साल असेल तर वरून नुसतं ठिबकतं. म्हातारी माणसं धार बघूनच सांगतात, यंदा उन्हाळा कसा जाणार. हवामान खात्याच्या कितीतरी आधीचा हा अंदाज आहे आणि तो फारसा चुकलेला मी तरी ऐकला नाही.

अहमदपूरची पदयात्रा म्हटलं की राष्ट्रसंत डॉ. शिवलिंग शिवाचार्य महाराजांचं नाव येणारच. वैद्यकीय शिक्षण घेतलेला माणूस मठात येतो, शंभरी ओलांडेपर्यंत जगतो आणि हजारो लोकांना पायी चालायला लावतो, हे आपल्या गावानं जवळून पाहिलं. १ सप्टेंबर २०२० ला महाराज गेले. त्याआधी चारच दिवस, ऐन कोरोनात, ते जिवंत समाधी घेणार अशी अफवा उठली आणि भक्तीस्थळावर तोबा गर्दी उसळली. देशभरच्या चॅनेलवाल्यांनी तेव्हा अहमदपूर पहिल्यांदा दाखवलं, आणि दाखवलं ते गर्दी म्हणून. त्या गर्दीतल्या कितीतरी माणसांनी महाराजांसोबत बालाघाट पायाखाली घातलेला होता, हे त्या कॅमेऱ्यांना कुठून दिसणार?

थोडं आणखी मागं जाऊ. निजामाच्या राज्यात अहमदपूर बिदर जिल्ह्यात होतं. आपण उदगीर, निलंग्यासह तिकडचे. कपिलधार बीड जिल्ह्यात. गश्ती निशाण ५३ नावाचं एक फर्मान होतं, त्यामुळं साधी सभा घ्यायची तरी सरकारची परवानगी लागायची. अशा काळात चार जिल्ह्यांची माणसं एका जागी जमणार कुठं? बाजारात, नाहीतर जत्रेत. आपल्याकडच्या यात्रांचा इतिहास लिहिताना ही बाजू कुणी धरत नाही. मुक्तिसंग्रामावरची भाषणं १७ सप्टेंबरला झेंडा फडकला की संपतात. त्याआधी लोक एकमेकांना भेटायचे तरी कुठं, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

आता रस्त्याचं. अहमदपूरहून किनगाव, अंबाजोगाई, केज, नेकनूर करत मांजरसुंबा, म्हणजे सव्वाशे-दीडशे किलोमीटर. पूर्वी कच्ची सडक, दोन्ही बाजूंनी लिंब आणि बाभळी, मध्येच पाऊलवाट धरून शेतातून आडवं जायचं. आता तिथं राष्ट्रीय महामार्ग ५४८-डी आहे. रस्ता चांगला झाला, अंबाजोगाईला दवाखान्यात न्यायचा पेशंट लवकर पोहोचतो, हे मान्यच. पण सिमेंटवर उन्हात अनवाणी चालून बघा एकदा. झाडं गेली, सावली गेली, आणि पाठीमागून उसाचे डबल ट्रॉलीवाले ट्रॅक्टर, कारण कारखाने नेमके त्याच दिवसांत सुरू होतात. दिंडीतल्या बायामाणसांच्या अंगावरून वारा काढत ट्रक जातात. पंढरीच्या वाटेवर पालखी मार्ग होतो, कडेने चालायला जागा ठेवली जाते. आपल्या वाटेवर निदान मुक्कामाच्या गावी पाणी, संडास आणि रस्त्याच्या कडेला चार फूट मातीची पट्टी, एवढं मागणं जास्त आहे का? निवडणुकीआधी दिंडीत चार पावलं चालून फोटो काढणारे सगळ्याच पक्षांत आहेत. त्यांना विचारायला हरकत नाही.

या वाटेला केज तालुका लागतो. त्याच तालुक्यात धनेगावचं मांजरा धरण. मांजरा पाटोद्याच्या डोंगरात, म्हणजे याच बालाघाटात उगम पावते आणि लातूरची तहान भागवते. २०१६ ला धरण आटलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. म्हणजे ज्या डोंगरावरून धबधबा पडतो, त्याच डोंगराच्या पाण्यावर आपण जगतो. वरच्या माथ्यावर झाडं किती उरली, मुरमासाठी टेकड्या किती कापल्या, हा नुसता बीडवाल्यांचा प्रश्न नाही.

इटलीत मार्मोरे नावाचा धबधबा आहे, १६५ मीटर उंच. तो निसर्गाचा नाही. इसवी सनापूर्वी २७१ मध्ये रोमन लोकांनी दलदलीचं पाणी वाहून जावं म्हणून चर खणला, त्यातून तो तयार झाला. आज ते पाणी विजेसाठी वळवतात आणि ठरलेल्या वेळीच धबधब्याला सोडतात. वेळापत्रक लागतं, जगभरचे लोक तिकीट काढून डोंगरवाटेनं चालत बघायला येतात. आपल्याकडं नळदुर्गच्या किल्ल्यात १६१३ च्या सुमाराला बोरी नदीवर बंधारा घालून नर-मादी धबधबे केले, तेही माणसाचंच काम. तिकडं त्या खणलेल्या चराची नोंद सव्वादोन हजार वर्षं जपलेली आहे. आपल्याला आपल्या दिंडीचा पहिला मुक्काम कुठं होता हे सांगणारा कागद मिळत नाही.

म्हणून एक काम हाती घेतोय. अहमदपूर, किनगाव, शिरूर ताजबंद, हाडोळती भागात ज्यांच्या घरी जुन्या पदयात्रेचे फोटो, मुक्कामाच्या वह्या, शिध्याचे हिशेब असतील त्यांनी कळवावं. पेटीतल्या वह्या रद्दीत घालू नका. सत्तरी-ऐंशीतली जी माणसं चालली आहेत, त्यांच्याशी बोलायला मी घरी येतो. कार्तिकीच्या आधी जेवढं जमेल तेवढं लिहून काढायचं आहे.