शालेय समुपदेशनाची वाटचाल आणि आष्टी तालुक्यातील स्थलांतरित कुटुंबांतील विद्यार्थी

विद्यार्थ्याचे मन जाणणारी प्रशिक्षित व्यक्ती शाळेत असावी, हा विचार भारतीय शिक्षणात नवा नाही. डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२-५३) शाळांसाठी प्रशिक्षित मार्गदर्शन अधिकाऱ्यांची शिफारस केली. त्या वेळी आष्टी हैदराबाद राज्यात होते. मराठवाडा मुंबई राज्यात समाविष्ट झाला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) मार्गदर्शनाचा आरंभ प्राथमिक शाळेच्या पहिल्या इयत्तेपासून व्हावा असे सुचविले आणि माध्यमिक शाळांसाठी किमान योजना मांडली : दहा शाळांमागे एक समुपदेशक. मागणी माफकच होती. तरीही ग्रामीण भागात ती सार्वत्रिक झाली नाही.

याचे एक कारण मार्गदर्शनाच्या संकुचित कल्पनेत सापडते. शाळेतील मार्गदर्शन म्हणजे प्रामुख्याने व्यवसाय मार्गदर्शन, असे दीर्घकाळ मानले गेले. महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षे घेण्यात आलेली दहावीची कलचाचणीही त्याच परंपरेतील होय. मूल पुढे कोण होणार हे विचारले गेले. आज ते कसे आहे, हा प्रश्न मागे राहिला.

बालाघाटाच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातील आष्टी तालुक्यात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. मुकादमाकडून उचल घेऊन पती-पत्नीची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात ऊसतोडीला जाते आणि हंगाम संपल्यावर परतते. मुले फडावर जातात, आजी-आजोबांजवळ राहतात किंवा गावातील हंगामी वसतिगृहाच्या आधाराने शिकतात. मागे राहिलेल्या थोरल्या मुलीवर धाकट्या भावंडांचा भार पडतो. तिचे अबोल होणे, वर्गात डुलकी घेणे किंवा अकारण चिडणे यांची नोंद हजेरीपटावर होत नाही. वरील आयोगांच्या योजनांत वर्षभर एकाच शाळेत असणारे आणि संध्याकाळी आईवडिलांकडे परतणारे मूल गृहीत धरलेले दिसते.

२०२० मध्ये आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्याची तरतूद आली. भावनिक स्वास्थ्य हा त्यातील एक विषय आहे. मात्र पोषण आहार, निवडणूक आणि जनगणना सांभाळणाऱ्या शिक्षकावरच हीही जबाबदारी आली, हे नमूद केले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक पात्र समुपदेशक आवश्यक आहे. लहान संस्थांनी बाहेरील मानसिक आरोग्यतज्ज्ञांशी औपचारिक संबंध ठेवावयाचे आहेत. वाड्यावस्त्यांवरील छोट्या शाळा या दुसऱ्या गटात मोडतात आणि त्यांच्यासाठी ‘बाहेरील तज्ज्ञ’ म्हणजे बहुधा तालुक्याबाहेरचा प्रवास.

याच तत्त्वांतील दुसरी तरतूद आष्टीसाठी अधिक उपयुक्त ठरते : सर्व अध्यापक व अध्यापकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण. हंगामी वसतिगृहात मुलांना जेवू घालणाऱ्या आणि त्यांची देखभाल करणाऱ्या स्त्रियांना मूल शाळेबाहेरच्या वेळात दिसते. त्यांची गणना या कर्मचाऱ्यांत व्हावी आणि पहिले प्रशिक्षण टोळ्या गाव सोडण्यापूर्वी, दसऱ्याच्या आधी पूर्ण व्हावे.