शांततेचा खेळ

हल्ली शाळांतून 'माइंडफुलनेस' हा शब्द ऐकू येतो. शब्द नवा, पण वर्गातली ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची.

रोममधल्या सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी डॉ. मारिया मॉन्टेसरींचे बालगृह सुरू झाले. एकदा त्या चार महिन्यांचे तान्हे बाळ घेऊन वर्गात आल्या. हे किती शांत आहे, तुम्हाला जमेल का, असे त्यांनी मुलांना विचारले. मुले श्वाससुद्धा जपून घेऊ लागली! त्यातूनच शांततेचा खेळ निघाला. बाई शेजारच्या खोलीतून एकेकाचे नाव कुजबुजत आणि ते मूल पाऊल न वाजवता त्यांच्याकडे जाई.

पुढे १९२० साली गिजुभाई बधेकांनी भावनगरला बालमंदिर काढले. तेथे काम केलेल्या ताराबाई मोडकांनी ही पद्धत महाराष्ट्रात रुजवली.

छडी आपटूनही वर्ग गप्प होतो, पण ती शांतता भीतीची. या खेळात मूल आपणहून शांत होते. आणि कुजबुजायचे तर बाईंनाही आवाज खाली आणावा लागतो. म्हणून वाचकहो, वेळापत्रकात ध्यानाचा तास घालण्याआधी सुरुवात शिक्षकांच्या खोलीपासून व्हावी, असे मला वाटते.