शिवनी ते बेडोक, व्हाया टोकियो

"आई, तुमचा मोगली म्हणजे ॲनिमेच की!"

बेडोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये एका रविवारी लेकीनं हे जाहीर केलं आणि माझ्या हातातला चहा हिंदकळला. लेक जपानी कार्टून मालिकांची पक्की भक्त. आठवडाभर नव्या भागाची वाट बघायची, भाग संपला की तो मूळ चित्रकथेशी ताडून बघायचा, काय गाळलं, काय घुसडलं याचा हिशेब मांडायचा. मला हे वेड जरा परकंच वाटायचं. आणि आता ही म्हणते, मीही लहानपणी तेच करत होते!

शोधलं, तर खरंच. ती निप्पॉन ॲनिमेशनची ५२ भागांची मालिका. जपानमध्ये ऑक्टोबर १९८९ मध्ये सुरू झाली. आपलं बेडोकचं एमआरटी स्टेशनही त्याच्या पुढच्याच महिन्यातलं! दूरदर्शनवर ती हिंदीतून आली १९९३ साली. शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजचं, आणि शेरखानचा आवाज आपल्या मुरुडच्या नाना पाटेकरांचा. आठवतंय ना? रविवारी सकाळी आंघोळी उरकून टीव्हीसमोर ठाण मांडायचं. वीज गेली तर तो भाग गेलाच. मग सोमवारी शाळेत कुणाकडून तरी ऐकायचा. आमची आई स्वयंपाकघरातून विचारायची, "काय गं, बाळूचं काय झालं?" बल्लू अस्वलाला ती बाळूच म्हणायची.

मोगलीचं मूळ मात्र आपल्या अगदी जवळचं. रुडयार्ड किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ चा, मुंबईचा; वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत. 'जंगल बुक' त्यानं लिहिलं अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात, आणि ते छापून आलं १८९४ मध्ये. कथेतलं जंगल मात्र शिवनीचं, म्हणजे नागपूरच्या उत्तरेचं. मुंबईचा लेखक, विदर्भाच्या शेजारचं रान, अमेरिकेत लेखन, जपानमध्ये चित्रं, आणि हिंदी बोलत स्वारी परत घरी!

मग आम्ही दोघी मिळून मालिका पुन्हा बघायला बसलो. लेकीनं लगेच चूक काढली. मोगलीचा दोस्त किची हा तांबडा पांडा पुस्तकात नाहीच, जपान्यांनी घातलेला. "आणि तो शिवनीत कसा? तो तर हिमालयातला!" इथल्या रिव्हर वंडर्समध्ये तिनं तो पाहिलाय ना. आम्हाला तेव्हा कधी शंकासुद्धा आली नव्हती.

पण नंतर तिनं विचारलं, "अकेला म्हणजे काय?" मी गप्पच झाले. किपलिंगनं नावं आपल्याकडचीच उचलली: अकेला, हाथी, बल्लू म्हणजे भालू. आम्हाला ती कुणी समजावून सांगावी लागली नाहीत. हिला मात्र ती नुसती विशेषनामं होती, जपानी नावांसारखीच.

किपलिंगनं आत्मचरित्रात आपल्या मुंबईतल्या बालपणाबद्दल लिहिलंय. आया आणि गडीमाणसांबरोबर तो हिंदुस्थानीतच बोलायचा, विचारही त्याच भाषेत करायचा. आईवडिलांपुढे जाताना नोकरांना आठवण करून द्यावी लागे, की आता इंग्रजीत बोल. १८७१ मध्ये, सहावं वर्षही पुरं झालं नव्हतं तेव्हा, त्याला इंग्लंडला परक्या घरी ठेवलं. ते जंगलातल्या प्राण्यांची नावं लिहिताना त्या भाषेतले शब्द त्याला पुन्हा उपयोगी पडले. आमच्या घरी चित्र नेमकं उलटं. लेक बाहेर इंग्रजीत बोलते हे ठीकच, पण मीही तिच्याशी इंग्रजीत कधी बोलायला लागले, ते मला सांगता येणार नाही.

म्हणून आता एक करार झालाय. आठवड्याला एकच भाग, तोही रविवारी. अडलेला शब्द मी मराठीत सांगायचा. बदल्यात तिच्या मालिकेचा एक भाग मी बघायचा, मध्ये एकही प्रश्न न विचारता. (हे फार अवघड जातं!) आणि भाग संपला की लेकीनं आजीला फोन करून गोष्ट सांगायची, मराठीतच.

सुरुवातीला दोन वाक्यांत फोन संपायचा. गेल्या रविवारी वीस मिनिटं चालला. चुका भरपूर, "वाघ आली" वगैरे. पण पलीकडून आईचा प्रश्न मला स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू आला, "ते राहू दे गं, बाळूचं काय झालं?"