सुईपाशी थांबलेला हिशेब : वर्ध्याच्या वस्त्रस्वावलंबनातली शिलाई

खादीच्या चळवळीने सुताची जेवढी बारीक मोजदाद केली, तेवढी घरगुती श्रमाची मोजदाद आपल्याकडे क्वचितच झाली असेल. चार फुटांची एक तार, एकशेसाठ तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. सुताचा अंक, कस आणि समानता यांची परीक्षा होई. रोजच्या तारांची नोंद वहीत होई आणि सामुदायिक कताईला सूतयज्ञ म्हणत. वर्धा हे या हिशेबाचे एक मोठे केंद्र होते. पण कापूस वेचण्यापासून माणसाच्या अंगावर सदरा चढेपर्यंतच्या साखळीत एक कडी अशी आहे की तिच्यासाठी गुंडीसारखे एकक कुणी बनवले नाही. विणून आलेले कापड बेतायचे, कापायचे आणि शिवायचे, ही ती कडी. वस्त्रस्वावलंबनाच्या इतिहासात चरखा मध्यभागी बसला आणि सुई-दोरा घरातल्या फडताळातच राहिला. असे का झाले, आणि त्यातून काय निसटले, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

शिवणीशिवायचे कपडे

आपला जुना पेहराव मुळातच बिनशिवणीचा. नऊवारी लुगडे, धोतर, उपरणे, पंचा, शेला यांना सुई लागत नाही. मागावरून उतरलेले वस्त्र तसेच नेसायचे, पांघरायचे. सुई लागायची ती बंडी, पैरण, चोळी, लहान मुलाची कुंची यांना. शिंप्याचे काम त्यामुळे मर्यादित, आणि गावगाड्याच्या काही याद्यांत तो बलुतेदारांत नव्हे तर अलुतेदारांत येतो.

घरात मात्र सुई रोज चाले. लुगडे मधोमध विरले की ते फाडून, विरलेला भाग काढून, उरलेले तुकडे जोडायचे. याला दंड घालणे म्हणतात. त्याहून जीर्ण झाले की त्याची गोधडी. उरल्या चिंध्यांतून पैसे ठेवायचा कसा, पान-तंबाखूची चंची, दळणाला न्यायची पिशवी. चंची हा तर पिशवीच्या शिवणीतला छोटा चमत्कारच आहे. एकाच पट्टीत सुपारी, चुना, कात, तंबाखू यांना वेगवेगळे कप्पे, आणि गुंडाळी करून दोरीने बांधली की सगळे कमरेला. हे सारे बहुतेक बायकांच्या हातचे. त्याला मजुरी नव्हती आणि कलेचे नावही नव्हते.

एकोणिसाव्या शतकात या जिल्ह्यात कापसाचे दिवस पालटले. १८६२ साली वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच दशकात रेल्वे आली आणि हिंगणघाटचा कापूस, जो आधीच नावाजलेला होता, मुंबईमार्गे विलायतेला जाऊ लागला. शतक संपण्याआधी हिंगणघाट आणि पुलगाव येथे गिरण्याही उभ्या राहिल्या. कापूस इथला, कापड गिरणीचे किंवा विलायतेचे, असा व्यवहार रूढ झाला. कापड स्वस्त आणि पन्ह्याला रुंद मिळू लागले तसे शिवलेल्या कपड्यांचे प्रमाणही वाढले. शिलाई यंत्रे बाजारात आली. पुण्यात १९०९ साली सुरू झालेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी स्त्रियांना शिवण शिकवली. विधवा आणि निराधार स्त्रियांसाठी शिवणकाम हे अब्रूने पोट भरण्याचे साधन ठरले. पुढच्या चळवळीने घरगुती श्रमाला प्रतिष्ठा द्यायची ठरवली, तेव्हा शिवण ही अशी दोन रूपांत समोर होती : बायकांचे घरकाम, आणि गरजू बाईची मजुरी.

टोपीचा बेत

जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून विनोबा १९२१ च्या एप्रिलमध्ये वर्ध्याला आले आणि इथला सत्याग्रहाश्रम सुरू झाला. त्याच्या अकरा वर्षे आधी, १९१० साली, गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्म वसवले होते. तिथल्या आठवणी लिहिताना ते सांगतात की पुरुषांनी जाड्याभरड्या निळ्या कापडाचा मजुरी पेहराव घेतला होता आणि बहुतेक बायका शिवणात तरबेज असल्यामुळे शिलाईचे सगळे खाते त्यांच्याकडे होते. चपला करणे, सुतारकाम, स्वयंपाक, मैला साफ करणे या कामांत जुनी वाटणी मोडायचा प्रयत्न तिथे झाला. शिलाईची वाटणी मात्र जुनीच राहिली.

गांधीजींना स्वतःला शिवणाचे महत्त्व कळत नव्हते असे मुळीच नाही. काकासाहेब कालेलकर हे पुढे वर्ध्यात राहिले. त्यांनी गांधी टोपीच्या जन्माची हकिकत नोंदवून ठेवली आहे. निरनिराळ्या प्रांतांची शिरोवस्त्रे पाहून गांधीजींनी काश्मिरी टोपीचा आकार पसंत केला, पण लोकरीऐवजी सुती कापड घेतले. कापड थोडे लागावे, शिवायला सोपी असावी, घडी करून खिशात मावावी, धुता यावी, असा त्यांचा विचार होता. रंग पांढरा, कारण मळ दिसला की माणूस धुतो. शिंप्याच्या नजरेने पाहिले तर हा बेत अव्वल आहे. दोन लांबट बाजू, वर घडी पडणारी एक पट्टी, आणि सगळ्या शिवणी जवळजवळ सरळ. ज्याला नुकताच धावदोरा आणि टीप घालता येऊ लागली आहे, त्यालाही ती जमते. एका राष्ट्रीय चळवळीचे चिन्ह नवशिक्याला शिवता येईल असे असावे, यात एक भूमिका होती.

मौज अशी की टोपी देशभर पसरत असतानाच, सप्टेंबर १९२१ मध्ये मदुरेला, गांधीजींनी स्वतः टोपी आणि सदरा दोन्ही सोडून पंचा घेतला. सेगाव, म्हणजे नंतरचे सेवाग्राम, इथे १९३६ साली ते राहायला आले तेव्हा त्यांच्या अंगावर शिवलेले वस्त्र जवळजवळ नव्हतेच. मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा यांनी वेगळी वाट काढली. एके काळी विलायती सुटाबुटात वावरणाऱ्या या हिशेबतज्ज्ञाने धोतर आणि पायजमा यांचा मेळ घालून स्वतःसाठी 'धोतीजामा' बेतला. पोशाखाचा प्रश्न हा बेताचा प्रश्न आहे, हे वर्ध्याच्या मंडळींना पक्के ठाऊक होते.

एका सदऱ्याचा हिशेब

आता थोडे गणित करू. वीस अंकाच्या आसपासच्या सुताचे एक चौरस वार कापड विणायला साधारण चार गुंड्या लागतात. सराईत कातणारा चरख्यावर तासाला तीनशे-सव्वातीनशे तारा काढतो असे धरले, तर एका गुंडीला दोन तास होतात. एका सदऱ्याला वारभर पन्ह्याचे तीन वार कापड लागले, तर बारा गुंड्या, म्हणजे चोवीस तासांची कताई. रोज एक तास कातणाऱ्याचा तो जवळजवळ महिना झाला. सरकी काढणे, पिंजणे, पेळू करणे आणि विणकराचे श्रम वेगळेच.

अशा कापडावर कात्री चालवताना हात थरथरला तर नवल नाही. बाही चुकीची कापली आणि अर्धा वार वाया गेला, तर चार तासांची कताई मातीत. बाजारातून आणलेले कापड बिघडले तर पैसे जातात. स्वतः कातलेले बिघडले तर दिवस जातात. म्हणूनच हातसुताच्या कपड्यांचा पारंपरिक बेत चौकोनांचा असतो. पाठ-पोटाला लांब पट्टे, बाहीला सरळ तुकडे, काखेत हात फिरावा म्हणून जोडलेला लहान चौकोन, घेरासाठी तिरक्या कापाच्या कळ्या. एका कळीच्या तिरक्या कापातून दुसरी कळी निघते आणि चिंधी उरत नाही. साधेपणाला इथे नीतीइतकाच काटकसरीचाही आधार होता.

हातसूत शिवण्याच्या अडचणीही खास आहेत. सूत एकसारखे नसल्याने कापड कुठे दाट, कुठे विरळ. ते पाण्यात आटते, म्हणून कापण्याआधी रात्रभर भिजवून वाळवायचे. हे न केल्यास पहिल्याच धुण्यात बाह्या मनगटावरून वर चढतात. कापलेल्या कडेचे दोरे सुटतात, म्हणून एकेरी शिवण पुरत नाही, कड आत दुमडून दुसऱ्यांदा शिवावी लागते. याचे फळही मिळते. हे कापड सुईला अडवत नाही आणि दर धुण्यागणिक मऊ पडते. अंगाबरोबर ते असे बसते की पाच-सहा वर्षांनी त्याची पिशवी करतानाही जीव कळवळतो.

आता शिलाई मोजू. साध्या सदऱ्यात शिवणींची लांबी एकत्र केली तर दहा-बारा वार सहज भरते. बारा वार धरू, म्हणजे ४३२ इंच. इंचाला आठ टाके घातले तर सुमारे ३,४५० टाके. मिनिटाला दहा टाके या गतीने पावणेसहा तास. कड दुमडून दुसरी शिवण, काजे, गुंड्या, गळपट्टी हे आणखी. म्हणजे हाताने शिवायचे तर पूर्ण दोन दिवसांचे काम. चोवीस तासांच्या कताईची नोंद वहीत असते. या दोन दिवसांना रकाना नाही.

सुई रेडिचची, दोरा पेस्लीचा

स्वावलंबनाला शिलाईपाशी आणखी एक अडचण होती. विसाव्या शतकाच्या आरंभी जगातल्या बहुतेक सुया इंग्लंडमधल्या रेडिच या गावी बनत. शिलाईच्या दोऱ्याचा बाजार स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावच्या कोट्स कंपनीने व्यापला होता. यंत्र म्हटले की सिंगर, अमेरिकेचे. हाताने कातलेले सूत शिलाईसाठी वापरायचे तर दुहेरी-तिहेरी पीळ द्यावा लागतो आणि तरी ते यंत्राच्या सुईत तुटते. बीपासून कापडापर्यंत गावात उभी राहू शकणारी साखळी सुईच्या टोकाशी येऊन परदेशावर टेकत होती. 'उषा' शिलाई यंत्र कोलकात्यात बनू लागले तेही १९३० च्या दशकात.

गांधीजींनी या विसंगतीला थेट उत्तर दिले होते. १९२४ साली दिल्लीत रामचंद्रन या तरुणाने त्यांना विचारले, तुम्ही सगळ्याच यंत्रांच्या विरुद्ध आहात का? उत्तरात त्यांनी सिंगरच्या शिलाई यंत्राचा अपवाद केला. बायको रात्रंदिवस टाके घालताना पाहून सिंगरने प्रेमापोटी हे यंत्र शोधले, असे ते म्हणाले. मग हे यंत्र बनवायला कारखाना लागेलच, या पुढच्या प्रश्नावर त्यांनी असे कारखाने राष्ट्राच्या ताब्यात असावेत असे सांगितले.

आयझॅक सिंगरचे खरे चरित्र इतके गोड नाही. १८५१ साली पेटंट घेणारा हा माणूस धंद्यात तरबेज होता आणि त्याचा संसार एकाहून अधिक घरांत विखुरलेला होता. शिवण करून घर चालवणाऱ्या पत्नीची कथा सांगितली जाते ती इलायस हाऊ याच्याबाबत, ज्याचे पेटंट १८४६ चे. पण तपशील चुकला तरी गांधीजींची नजर अचूक होती. शिवण हे कष्टाचे, पाठ मोडणारे काम आहे हे त्यांना उमगले होते. प्रिटोरियाच्या तुरुंगात फाटकी घोंगडी शिवण्याची सक्तमजुरी त्यांनी स्वतः केली होती. कताई हे त्यांच्या लेखी व्रत, आणि शिवण हा हलका करायचा भार. व्रताची मोजदाद होते, भाराची होत नाही.

कुणाची आठवण राहिली

१९३५ साली चरखा संघाने कातणाऱ्यांची मजुरी पोटापुरती असावी असे धोरण घेतले. कातणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. विनोबांनी नालवाडीत स्वतः कातून मिळणाऱ्या मजुरीत जगून पाहिले होते. श्रमाचे मोल श्रम करून ठरवण्याची ही रीत वर्ध्याची मोठी देणगी आहे. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने सात वर्षांचा अभ्यासक्रम आखला. कताई-विणाई त्याच्या केंद्रस्थानी होती. वरच्या इयत्तांत मुलींना मूलोद्योगाऐवजी गृहविज्ञान घेण्याची मुभा होती. टकळी मुलगा-मुलगी दोघांच्या हाती आली. सुई घरकामाच्या बाजूला सरकली. खरे तर मापे, अपूर्णांक, कोन, एका कापडात जास्तीत जास्त तुकडे बसवणे, हे सगळे गणित शिवणात आयते होते.

१९४४ च्या फेब्रुवारीत आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गेल्या. गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी त्यांना अखेरच्या प्रवासासाठी नेसवली. सूत कुणाचे हे सगळ्यांना माहीत आहे. ती विणली कुणी, हे कुणी विचारत नाही. त्याच वर्षी सेवाग्रामला चरखा संघाने ठरवले की खादी विक्रीसाठी नव्हे, प्रत्येकाने आपल्यापुरती करण्यासाठी. पुढे खादी घेताना किमतीचा काही भाग सुताच्या रूपाने द्यावा लागे. शिवून देणाऱ्याला तसा काही भाग मोजता आला नाही.

मगनवाडीतले मगन संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडले. आजही तिथे चरख्यांचे नाना प्रकार पाहता येतात आणि सेंद्रिय कापसाची, नैसर्गिक रंगांची खादी मिळते. खादीची झोळी पुढे 'शबनम' नावाने कार्यकर्त्याच्या खांद्यावर इतकी रुळली की ती त्याची ओळखच बनली. दोन चौकोन, एक लांब पट्टा, चार सरळ शिवणी. शिवण शिकणाऱ्याचा पहिला धडा हाच असतो.

२०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि बचत गटांकडे कापडी पिशव्यांचे काम आले. नगावर दर. पिशवी स्वस्त हवी म्हणून गिऱ्हाईक घासाघीस करतो, पर्यावरणाचे पुण्य मात्र पिशवी घेणाऱ्याच्या खात्यावर जमा होते. जिल्ह्यात कापूस अजून पिकतो, आणि शेतकऱ्याच्या अंगावरचा तयार शर्ट कुठे तरी दूरच्या कारखान्यात, कुणा बाईने टाक्यांच्या दरावर शिवलेला असतो.

स्वतःचा कपडा स्वतः शिवून पाहावा तो याचसाठी. पैसे वाचतील म्हणून नव्हे. कापड, दोरा आणि वेळ धरला तर बहुधा वाचत नाहीत. पण एकदा ते साडेतीन हजार टाके आपल्या बोटांनी मोजले की तयार सदऱ्यावरची किमतीची चिठ्ठी पूर्वीसारखी वाचता येत नाही. कातणाऱ्याची मजुरी ठरवायला विनोबा स्वतः चरख्यावर बसले. शिवणारीची मजुरी ठरवायला कुणी तरी सुई घेऊन बसायचे अजून बाकी आहे.